डीजे, डिक्की आणि डिस्क

हार्डडिस्कच्या खोक्यात घडी घातलेला एक कागद येतो. आमच्या घरात तो मी सोडून कुणी उलगडत नाही. मी उलगडतो, चष्मा लावतो आणि वाचतो, तेही मोठ्यानं. घरच्यांच्या कानावर गोष्ट घालून ठेवली की पुढे ‘तुम्ही सांगितलंच नव्हतं’ म्हणायला जागा उरत नाही. तर त्या कागदावर लिहिलं होतं की, ही वस्तू ५ ते ३५ अंश सेल्सिअस एवढ्याच तापमानात चालवावी. हे जाहीर वाचन मे महिन्यात, जळगावात, भर दुपारी चाललं होतं. बाहेर पारा ४५च्या वर. घरात आम्ही सगळे कूलरसमोर दाटीवाटीनं बसलेलो. आमच्याकडे उन्हाळ्यात माणसाची किंमत कूलरपासूनच्या अंतरावरून कळते. सगळ्यात पुढे वडील, मग आई, मग मुलगी, आणि कमावता माणूस शेवटी दाराशी.

“पस्तीस?” वडील म्हणाले. “पस्तीसला तर आपल्याकडे लोक चादर घेतात.”

“मग ही दिवाळीनंतर आणायची होती,” बायको म्हणाली. “आता नोव्हेंबरपर्यंत झोपू द्या तिला.”

बोलणं चुकीचं नव्हतं. तो कागद लिहिणारा माणूस कधी गोलाणी मार्केटपासून रिंगरोडपर्यंत दुपारी दोनला चालत आलेला नाही, हे उघड आहे. आणि ३५ म्हणजे बाहेरच्या हवेचं तापमान. चालू डिस्क स्वतःही तापते, म्हणजे आतला आकडा त्याहून वरच. तेव्हा कंपनीनं खानदेश बाद केलेला असला तरी आपण डिस्क बाद करायची नाही असं ठरवलं आणि तिचं वेळापत्रक उन्हाप्रमाणे आखलं. काय उतरवायचं, चढवायचं ते मे महिन्यात पहाटे पाचला. एक टेराबाइट भरायचं तर तीनेक तास सहज जातात. फोटो बारीकसारीक असले तर त्याहून जास्त. तेवढा वेळ मी गच्चीच्या दारात, पाट मांडून, पाटावर डिस्क ठेवून, समोर हात बांधून बसतो. समोरच्या काकूंनी बायकोला विचारलंच, “साहेबांनी कोणाचा मंत्र घेतलाय?”

दुसरी शहाणी मंडळी सांगतात, डिस्क कूलरसमोर ठेवा. मुळीच ठेवू नये. कूलरचा वारा गार लागतो तो ओला असतो म्हणून, आणि आमच्या टाकीतल्या पाण्याचा पांढरा थर कूलरच्या जाळीवर जसा बसतो तो पाहिला की डिस्कच्या खोबणीत काय जाईल याची कल्पना येते. गादीवर, सोफ्यावर, उशीखालीही नको. तिथे उष्णता अडकून राहते. कडक, सपाट, मोकळी जागा पाहिजे, म्हणून तो पाट. माझी मेहुणी नाशिकहून आली होती, तिनं तर डिस्क फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला दिला. फ्रीजमधून काढलेल्या ताकाच्या तांब्याला बाहेर आणल्यावर घाम फुटतो, तोच घाम डिस्कलाही फुटतो, पण तो आतल्या सर्किटवर. तिला मी तांब्या काढून प्रत्यक्ष दाखवला. तिनं ताक प्यायलं आणि मत बदललं नाही.

एवढं जपायचं ते का, हे घरच्यांना पटावं म्हणून मी आतली रचना सांगायचा प्रयत्न करतो. लोक साधारण दुसऱ्या वाक्याला उठून जातात, पण वाचकाला उठून जायला लाज वाटते, म्हणून इथे सांगून घेतो. १९५६ साली आयबीएमनं पहिली हार्डडिस्क बाजारात आणली. तिच्यात २४ इंची ५० तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात, आणि मावायचं सगळं मिळून ५ मेगाबाइट, म्हणजे आजच्या मोबाइलमधला एखादा फोटो. तिचं एक बरं होतं, ती कुणी खिशात घालून वरातीला नेत नव्हतं. आता ती तळहातावर मावते आणि तिथूनच तिची दशा सुरू झाली. आतली तबकडी मिनिटाला ५४०० वेळा फिरते, सेकंदाला ९०. तबकडी अडीच इंची, पण हिशेब मांडला तर तिची कड ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास धावत असते. चौपदरीकरणाआधी एरंडोल ते पारोळा हा वेग गाठणारा ड्रायव्हर आमच्याकडे धाडसी समजला जायचा. आणि त्या धावत्या कडेवर, तिला न टेकता, वाचणारं-लिहिणारं हेड तरंगत असतं. मधलं अंतर काही नॅनोमीटर. डोळ्यांना न दिसणारा धुळीचा कणसुद्धा त्या फटीपुढे धोंडा. हेड टेकलं की ओरखडा, आणि ओरखड्याखाली जे काय असेल, मुंज, बारसं, सातबारा, ते गेलं.

म्हणून माझा पहिला कायदा: दिवा लुकलुकत असताना डिस्कला हात लावायचा नाही. सरकवायची नाही, ‘जरा बाजूला घेते’ नाही, तिच्याखालचं टेबल पुसायचं नाही. बंद डिस्क जेवढा धक्का सोसते त्याच्या निम्माही ती चालू असताना सोसत नाही, कारण बंद झाल्यावर हेड तबकडीवरून उतरून कडेच्या उतरंडीवर जाऊन बसतं. आमच्या कामाच्या मावशींना हा कायदा लगेच समजला. त्या टेबल सोडून सगळं घर पुसतात आणि विचारलं तर दिव्याकडे बोट दाखवतात. गेले कित्येक आठवडे दिवा बंद असतानाही त्या दिव्याकडेच बोट दाखवतात.

दुसरा कायदा काढण्याचा. कॉम्प्युटर ‘झालं’ म्हणतो तेव्हा सगळं झालेलंच असतं असं नाही. काही माल त्यानं डोक्यात धरून ठेवलेला असतो आणि सवडीनं डिस्कवर टाकतो. विंडोजनं २०१८मधल्या एका सुधारणेत बाहेरच्या डिस्कसाठी ही उधारी आपणहून बंद केली, हे खरं. पण म्हणून वायर उपटायची नाही. कोपऱ्यातल्या खुणेवर जाऊन आधी तिला रजा द्यायची, परवानगी आली की मग काढायची, आणि काढल्यावरही दहा सेकंद जागेवरच राहू द्यायची, कारण आत तबकडी अजून घरंगळत असते. हे दहा सेकंद आमच्या घराला जड जातात. मुलगी म्हणते, “बाबा, दहा सेकंदांत मी तीन रील बघते.” सिरियलच्या जाहिराती हीच माणसं मिटक्या मारत बघतात, हे मी बोलून दाखवतो. उपयोग होत नाही.

वीज अचानक गेली तर? खानदेशात हा प्रश्न ‘तर’ लावून विचारत नाहीत. लॅपटॉपला लावलेल्या डिस्कचं काही अडत नाही, बॅटरी असते. डेस्कटॉपला लावलेली असली तर मात्र तिचा श्वास तुटतो. त्या क्षणी डिस्क काय करते ते वाचून मला तिच्याविषयी आदर वाटायला लागला: तबकडी अजून फिरतेय तोवर त्या फिरण्यातूनच थोडी वीज काढून ती हेड उचलून कडेला नेऊन बसवते. पण हे घाईचं बसणं रोजच्या बसण्यासारखं अलगद नसतं, झीज जास्त होते. रोज रोज असं करायला लावू नये. डेस्कटॉपवाल्यानं छोटा यूपीएस घ्यावा; पंखा बंद पडला तरी चालेल.

वायरीबद्दल थोडक्यात. बहुतेक डिस्कांना येते ती आखूड, रुंद तोंडाची वायर सगळ्यात नाजूक. ती वाकडी घालू नये, डिस्क तिच्यावर लोंबकळत ठेवू नये. डिस्क दिसेनाशी झाली की लोक छाती बडवतात. पुष्कळदा गेलेली असते ती वायर.

आता डीजेकडे येतो.

माझा मेहुणा धुळ्याला देवपुरात राहतो. त्याचा धंदा वेगळाच आहे, पण धुळ्यातल्या कुठल्याही लग्नात तो घरचा असतो. माझ्या डिस्कमध्ये अहिराणी गाण्यांचा मोठा साठा आहे, कॅसेटच्या जमान्यापासूनची गाणी एकेक करून उतरवलेली. हे त्याला माहीत. ऐन मे महिन्यात त्याचा फोन आला, “दाजी, मित्राच्या भावाचं लग्न आहे, डिस्क पाठवून द्या.” डिस्क एकटी जाणार नाही, मी म्हणालो. “मग तुम्ही या.” म्हणून मी गेलो. नवरा-नवरीपैकी मी कुणालाच ओळखत नव्हतो. मी डिस्कतर्फे होतो.

जाताना डिस्क जुन्या टॉवेलात गुंडाळून डब्यात, डबा पिशवीत, पिशवी मांडीवर. पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे, नव्वदेक किलोमीटर. शेजारच्या प्रवाशानं विचारलं, “खाली ठेवा की पिशवी, काय लोणचं शे का?” मी म्हणालो, लग्नं आहेत आत. तो सरकून बसला.

संध्याकाळी वरात निघाली. टेम्पोवर माणसाच्या उंचीचे बेसचे खोके रचलेले, मागे जनरेटर, मध्ये लॅपटॉप, आणि डीजेच्या पोरानं माझी डिस्क घेऊन सरळ बेसच्या खोक्यावर ठेवली. तीही चालू. डिस्क खोक्यावर नाचायला लागली. मी टेम्पोत चढलो, ती उचलायची तर नव्हती, म्हणून गाणं थांबवायला लावलं. भर चौकात, वरात ऐन रंगात असताना, गाणं थांबलं. शंभरेक माणसं हात वर करून तशीच उभी. नवरदेवाच्या काकांनी विचारलं, “लाइट गई का?” मी डिस्कला रीतसर रजा दिली, दहा सेकंद मोजले, आणि ते दहा सेकंद धुळ्याच्या रस्त्यावर मोजणं हे घरात मोजण्यापेक्षा फार वेगळं असतं.

“काका, काही व्हत नई तिले,” डीजे म्हणाला.

मग मी त्याला समजावून सांगितलं. डिस्क आवाजानं बिथरते, ही थाप नाही. ब्रेंडन ग्रेग नावाच्या इंजिनिअरनं २००८च्या अखेरीला एक व्हिडीओ केला होता, त्यात तो चालू डिस्कांच्या कपाटासमोर उभा राहून त्यांच्यावर बोंब मारतो आणि पडद्यावर लगेच दिसतं, डिस्कांचं काम मंदावलं. नुसत्या माणसाच्या ओरडण्यानं! आणि २०२२मध्ये मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी त्याहून भारी किस्सा सांगितला. विंडोज एक्सपीच्या काळात काही लॅपटॉप एका ठरावीक गाण्याला बंद पडायचे. जॅनेट जॅक्सनचं ‘ऱ्हिदम नेशन’, १९८९चं. त्यातला एक सूर त्या लॅपटॉपांतल्या ५४०० फेऱ्यांच्या डिस्कच्या स्वतःच्या कंपनाशी नेमका जुळायचा. गंमत म्हणजे गाणं ज्यावर लावलंय तोच नव्हे, शेजारी गप्प बसलेला दुसरा लॅपटॉपही आडवा व्हायचा. शेवटी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीनं आवाजातून तेवढा सूर गाळून टाकणारी युक्ती बसवली, तेव्हा कुठे तो प्रकार थांबला. पुढे या गाण्याची कॉम्प्युटरच्या सुरक्षेतल्या त्रुटींच्या अधिकृत यादीत रीतसर नोंद झाली. एका गाण्याची!

डीजेनं हे सगळं मन लावून ऐकलं. मला बरं वाटलं. निदान एक तरुण पोरगा ऐकतोय. माझं संपल्यावर तो म्हणाला, “ते गानं शे का तुमनाजोडे?”

शेवटी मी हवी ती गाणी त्याच्या पेनड्राइव्हवर उतरवून दिली. पेनड्राइव्हमध्ये फिरणारं काही नसतं, त्याला बेसवर नाचू दे. ते उतरेपर्यंत मी टेम्पोत मांडीवर टॉवेलची घडी, घडीवर डिस्क असा बसून होतो. मुलीकडच्यांनी मला डीजेचा मालक समजून पाकीट दिलं. मी ते मेहुण्याला दिलं. मेहुण्यानं कुणाला दिलं ते विचारलं नाही.

यावर हमखास कुणीतरी म्हणतं, एवढं काय, एसएसडी घ्या, तिच्यातही फिरतं काही नाही. घ्या की. धक्क्याला ती खरंच घट्ट. पण तेवढ्याच जागेला पैसे जास्त, आणि उकाड्यात बिनविजेची वर्षानुवर्षं पडून राहिली तर तिचीही आठवण विरायला लागते. कुठलीही डिस्क कपाटात टाकून विसरू नये, तीनेक महिन्यांनी लावून बघावी.

घरात माझं म्हणणं पहिल्या फटक्यात कळलेला माणूस एकच, रावेरचे मामा. मुलगी कॉलेजमधून आली होती, डिस्क स्कूटीच्या डिक्कीत, भर दुपारी. तिनं आल्या आल्या ती लॅपटॉपला लावायला घेतली, मी अडवली. डिक्कीत तापलेली वस्तू अर्धा तास तरी नुसती पडू द्यावी, मग लावावी. शिवाय डिक्कीत छत्री, पाना आणि पाण्याची बाटली यांच्यामध्ये ती सगळा रस्ता आदळत आलेली. “पण चालतेय ना,” मुलगी म्हणाली. मामा जेवत होते. भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून ते म्हणाले, “पोरी, केळीचा घड बागेत आपटला ना, तर तिथं काही दिसत नाही. हिरवागार. गाडीत पाला अंथरून भरला, दिल्लीला गेला, पिकायला लागला की मग काळा डाग. तिथला व्यापारी फोन करतो, तेव्हा इथला हमाल म्हणतो, मी तर अलगद ठेवला होता.” मुलगी गप्प. मीही गप्प, कारण मी इतकी वर्षं नॅनोमीटर सांगत होतो.

तो डाग बघायची सोय मात्र आहे. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर डिस्कची स्वतःची नोंदवही उघडून दाखवतं. निळं असलं तर ठीक, पिवळं झालं तर दुसरी डिस्क आणायला निघायचं. त्यात एक ओळ असते, खराब झालेल्या जागा सोडून देऊन माल दुसरीकडे हलवल्याची. तो आकडा वाढत चालला की समजावं. आणि आतून टक्, टक्, टक् असा ठेका आला तर तत्क्षणी बंद करून जाणकाराकडे न्यावी. परत परत लावून ‘आता तरी दिसतेय का’ बघणं म्हणजे ओरखडा लांबवणं. आमच्या ओळखीचा एक मेकॅनिक ‘उघडून, फुंकर मारून देतो’ म्हणाला होता. त्या फुंकरीत किती धूळ असते याचा हिशेब मी त्याला सांगत बसलो नाही, डिस्क आपली नव्हती.

इतकं करूनही डिस्क कधीतरी जाणार, हे मला धुळ्यातच नीट कळलं. वरातीच्या दुसऱ्या दिवशी मेहुणा झोपलेला, सासूबाई देवळात, म्हणून मी समर्थ वाग्देवता मंदिरात गेलो. शंकर श्रीकृष्ण देवांनी १८९३मध्ये धुळ्यात सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि पुढे जन्मभर मठामठांतून हिंडून समर्थ संप्रदायाची बाडं गोळा केली. ती इथे आहेत. समर्थांच्या हातची वाल्मीकिरामायणाची प्रतसुद्धा. तिथून निघालो तो राजवाडे संशोधन मंडळावरून. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ला या धुळ्यातच गेले. १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड काढत होते, २२ काढले. त्यासाठी गावोगावच्या माळ्यांवरची, पोटमाळ्यांवरची दप्तरं त्यांनी उपसली. त्या दप्तरांना कुणी अंशाअंशांचा कागद दिला नव्हता. ऊन, उंदीर, वाळवी, भाऊबंदकी सगळं त्यांच्यावरून गेलं.

तरी त्यातली पुष्कळशी टिकली. संप्रदायाची बाडं टिकली ती तर केवळ जपल्यामुळे नाही. संप्रदायाची माणसं दासबोध उतरवून घेत, एका मठातून दुसऱ्या मठात प्रत जाई. एका मठाला आग लागली तरी दुसरीकडे ग्रंथ उघडलेला असे. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरनं हेच सूत्र आता तीन-दोन-एक म्हणून प्रसिद्ध केलं आहे: तीन प्रती, दोन तऱ्हेच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. आपल्या मठांना दोन तऱ्हांचं काही जमलं नव्हतं, कागद तो कागद. पण दुसऱ्या गावाचं त्यांना चांगलं कळत होतं.

मी तिथूनच बाजारात जाऊन दुसरी डिस्क घेतली. जळगावच्या डिस्कवरचं सगळं सासुरवाडीच्या गच्चीवर, पहाटे पाचला, तिच्यावर उतरवलं आणि ती सासूबाईंच्या हवाली केली. अटी मोजक्याच सांगितल्या: हालवायची नाही, तापू द्यायची नाही, तीन महिन्यांनी मी येऊन लावून बघेन. सासूबाईंनी ती खणाच्या कापडात गुंडाळून लोखंडी कपाटात, शालूंच्या मध्ये ठेवली, कपाटाला कुलूप लावलं आणि चावी कमरेला खोचली. मला धुळ्यात कधी असा मान मिळाला नव्हता.

महिन्याभरात मेहुण्याचा फोन. “दाजी, उद्या हळद आहे, गाणी पाहिजेत. तुम्हीच सांगा आईला, चावी देत नाहीये.”

मी म्हणालो, फोन दे त्यांच्याकडे.

“ती फोनपण घेत नाहीये. म्हणते, तुमचा आवाज काढून दुसराच कुणी बोलत असेल.”

मागून सासूबाईंचा आवाज ऐकू आला, “जवाईबोवानी सांगेल शे! तीन महिना झाया बिगर मी चाबी देवाव नई, मंग जवाई सोता का येवोत ना!”